पूर्वज कामठीचा, कागद मद्रासचे

‘आमचे खापरपणजोबा कामठीला जन्मले, पुढे आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेले. त्यांची नोंद कुठे मिळेल?’ असे एखाद्या गोऱ्या पाहुण्याने विचारले, की आपण नागपूरकर मोठ्या उत्साहाने त्याला महापालिकेचा नाहीतर कलेक्टर कचेरीचा रस्ता दाखवतो. हेतू चांगला, पत्ता चुकीचा. जन्मनोंदणी देशभर सक्तीची झाली ती १९६९च्या कायद्याने. इंग्रजी अमदानीतल्या गोऱ्या सोल्जराच्या पोराचा खरा पुरावा म्हणजे चर्चच्या वहीतली बाप्तिस्म्याची नोंद.

ती तरी नागपूरच्या नावाखाली असेल, असे वाटते. तसेही नाही. नागपूरजवळची, कन्हान नदीकाठची कामठीची छावणी १८२१ सालची. तेव्हा नागपुरात भोसल्यांची गादी होती आणि मध्य प्रांत व्हायला अजून चाळीस वर्षे होती. छावणीत पलटणी होत्या त्या मद्रास फौजेच्या. त्यामुळे पाद्र्याने केलेल्या नोंदीची नक्कल मद्रासला आणि तिथून लंडनला जाई. आज त्या नकला ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. मद्रासची मालिका ‘एन/२’, बंगालची ‘एन/१’, मुंबईची ‘एन/३’. आजचा नकाशा समोर ठेवून मुंबईची पाने चाळणाऱ्याच्या हाती धुपाटणेच येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धासाठी मात्र बंगालची मालिकाही पाहावी, कारण १९०३ साली नागपूरला स्वतंत्र बिशप मिळण्याआधी हा मुलूख कलकत्त्याच्या बिशपकडे होता. यातल्या पुष्कळ नोंदी आता ‘फाइंडमायपास्ट’ या संकेतस्थळावर पैसे भरून घरबसल्या बघता येतात.

नोंदीत काय असते? मुलाची जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, आईबापांची नावे, बापाचा हुद्दा किंवा पलटण. आईचे माहेरचे आडनाव बहुधा नसते, त्यासाठी लग्नाची नोंद हुडकावी लागते. पलटण कळली की अर्धे काम फत्ते. राणीच्या पलटणींचे कागद लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या शिपायांचे इंडिया ऑफिसच्या दप्तरात. या दोन फौजांची गल्लत करण्यात लोकांची वर्षे जातात.

‘जनगणनेत नाव सापडेलच’ हा भरवसा अमेरिकेपुरता ठीक. तिथे १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव आणि जन्मस्थळ टिपले गेले. आपल्याकडच्या त्या काळातल्या घरोघरच्या याद्या जपून ठेवलेल्या नाहीत. अमेरिकन रकान्यात ‘इंडिया’ दिसले म्हणून माणूस भारतीय वंशाचा ठरवण्याची घाईही नको. १८८० पासून आईबापांचे जन्मस्थळही विचारत, ते आधी पाहावे.

न्यूयॉर्कच्या बंदरात, एलिस आयलंडवरच्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रातल्या कारकुनाने आडनाव बदलले, ही अमेरिकेतल्या घराघरांतली लाडकी कथा. एक तर ते केंद्र उघडले १८९२ साली, त्याआधी आलेल्यांचा त्याच्याशी संबंधच नाही. शिवाय तिथला कारकून नावे लिहीत नसे, बोटीबरोबर आलेली यादी पडताळत असे. आडनाव बदलले असेल तर ते बहुधा घरच्यांनीच, मागाहून, आपल्या सोयीने.

राहिली इथेच वारलेल्या नातलगांची कबर. साध्या सोल्जराच्या कबरीवर अनेकदा दगडच बसला नाही, तेव्हा दगड नाही म्हणजे माणूस इथे मेला नाही, असे समजू नये. जे शिलालेख होते, त्यांची यादी ओ. एस. क्रॉफ्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३२ साली छापली. मध्य प्रांत-वऱ्हाडातले लेख त्यात आहेत. कामठीच्या दफनभूमीत जाण्याआधी ती वाचावी. आणि गेलात, तर अक्षरे उठून दिसावीत म्हणून दगडावर खडू किंवा चुना घासू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो घ्या, तेवढ्याने अक्षरे वाचता येतात.