हापूस : सणाचे फळ आणि नावाचा हक्क

अक्षय्य तृतीयेला पितरांना आंबा अर्पण करून मगच तो खाण्याची रीत अनेक मराठी घरांत आजही पाळली जाते. त्या दिवसांत विकल्या जाणाऱ्या पेटीवर ‘हापूस’ हा शब्द छापण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक भासेल. महाड-पोलादपूरच्या बागायतदाराला मात्र त्यावरच भाव मिळतो.

पेटंट येथे उपयोगी नाही. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार वनस्पती व त्यांची वाणे पेटंटयोग्य ठरत नाहीत. व्यापारचिन्ह एका विक्रेत्याची ओळख राखते, तर हापूस साऱ्या कोकणाचा. (हा शब्द मात्र पोर्तुगीज ‘आफोन्सो’ या नावावरून आलेला, हे भाषेच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावे.) म्हणून आधार घ्यावा लागला तो १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याचा. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला हे मानांकन मिळाले. सह्याद्रीच्या पायथ्याचे पोलादपूरही त्यामुळे या हद्दीत आले.

केवळ हद्दीत बाग असणे मात्र पुरेसे नाही. उत्पादकाला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. अशी नोंदणी झाली, की परप्रांतीय आंबा कोकणचा हापूस म्हणून विकणाऱ्याविरुद्ध त्याला न्यायालयात दाद मागता येते. मानांकनाची मुदत दहा वर्षे असून तिचे नूतनीकरण होते. बागायतदाराने आपल्या बागेचे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदविले, तर दोन्ही खुणा एकाच पेटीवर येऊ शकतात. त्यांपैकी व्यापारचिन्ह दुसऱ्यास विकता येते, मानांकन नाही.