सत्तेचें रूपक आणि वऱ्हाडचा सुदामा

राज्यकर्त्यावर उघड टीका करणें ज्या काळीं धोक्याचें असतें, त्या काळीं लेखक बहुधा गोष्ट सांगूं लागतो. गोष्टींतला राजा कल्पित, नगरी कल्पित, क्वचित् माणसांच्या जागीं पशुपक्षी. परंतु हें कोणाविषयीं चाललें आहे तें वाचणाऱ्याला बरोबर कळतें. अशा कथेचा अर्धा भाग लेखक लिहितो आणि उरलेला अर्धा वाचक आपल्या मनांत पुरा करतो. सरकारला रूपककथेचा विशेष राग येतो तो यामुळेंच. खटला भरावयाचा तर शिक्षेस पात्र ठरेल असें वाक्य पुस्तकांत सांपडत नाहीं.

महाराष्ट्राच्या परिचयाचें उदाहरण म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘कीचकवध’ नाटक. १९०७ सालीं रंगभूमीवर आलेल्या या नाटकाची कथा महाभारतांतली. पण प्रेक्षकांना उन्मत्त कीचकांत लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदींत हिंदभूमि दिसली, युधिष्ठिरांत मवाळ व भीमांत जहाल पक्ष दिसला. बुलढाणा जिल्ह्यांतल्या माणसाला तर कर्झनची ओळख करून देण्याचें कारणच नव्हतें. १९०२ सालीं निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानें घेणारा व्हाइसरॉय तोच. १९१० सालीं मुंबई सरकारनें नाटकावर बंदी घातली. रूपक किती नेमकें साधलें होतें याचा इतका स्पष्ट दाखला कोणा टीकाकारानें क्वचितच दिला असेल.

तरीहि या जातीच्या रूपकाला एक मर्यादा आहे. त्यांतला दुष्ट परका असतो. कीचक मेला कीं गोष्ट संपते आणि प्रेक्षक समाधानानें घरीं जातो. भीमाच्याच हातीं ती नगरी आली असती तर त्यानें पुढें काय केलें असतें, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. पारतंत्र्यांत तो सुचणेंहि कठीणच.

तो प्रश्न जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकानें १९४५ सालीं ‘अ‍ॅनिमल फार्म’ या लहानशा कादंबरींत विचारला. (ऑर्वेलचा जन्म बिहारांतल्या मोतिहारीचा, हें पुष्कळांना ठाऊक नसतें.) एका शेतावरचीं जनावरें जुलमी मालकाला हांकून लावतात, समतेचे सात नियम भिंतीवर लिहितात, आणि डुकरें हुशार म्हणून कारभार त्यांच्याकडे जातो. पुढची घसरण फार सावकाश होते. पहिला प्रसंग तर अगदीं क्षुल्लक वाटतो: दूध आणि सफरचंदें डुकरें स्वतःसाठीं राखून ठेवतात, आणि हें सर्वांच्याच हिताचें आहे, नाहींपेक्षां जुना मालक परत येईल, असें एक वाक्पटु डुकर इतरांना पटवून देतें. कथेची कलाटणी येथेंच आहे, असें ऑर्वेलनें एका पत्रांत स्वतःच सांगितलें आहे. दुधाच्या वेळीं जीं गप्प बसलीं त्यांना पुढें बोलण्याची सोयच उरत नाहीं. मग भिंतीवरचे नियम गुपचूप बदलूं लागतात, आणि बिचाऱ्या जनावरांना वाटतें कीं आपलीच आठवण चुकली. सर्वांत अधिक राबणारा बॉक्सर घोडा खचला तेव्हां त्याला कातडें व हाडें यांसाठीं विकून टाकतात. त्यानंतर लौकरच डुकरांच्या घरीं दारूची पेटी येते.

हें रूपक १९१७ च्या रशियन क्रांतीचें आहे. पण लेखक जुन्या मालकाचा पक्षपाती नव्हता. तो समाजवादी होता. १९३७ सालीं स्पेनमध्यें फ्रँकोच्या सैन्याविरुद्ध लढतांना त्याच्या गळ्यांतून गोळी गेली होती. युद्धांत रशिया दोस्त राष्ट्र असल्यामुळें लंडनच्या अनेक प्रकाशकांनीं हस्तलिखित परत केलें. कीचकाला नांवें ठेवणाऱ्याला निदान आपल्या माणसांच्या टाळ्या मिळतात. ऑर्वेलला आपल्या माणसांकडूनच बोल ऐकावे लागले.

आपल्याच पक्षाला हंसण्याचें हें अवघड काम मराठींत पुष्कळ आधीं ज्यानें हातीं घेतलें, तो लेखक बुलढाणा जिल्ह्यांत राहणारा होता. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) हे खामगांव व जळगांव-जामोद येथें वकिली करीत. १९०२ सालीं ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकांत त्यांचा ‘साक्षीदार’ हा विनोदी लेख प्रसिद्ध झाला. वकिलाच्या नित्य पाहण्यांतला तो विषय. पुढें या लेखांची संख्या बत्तीस झाली आणि १९२३ सालीं ‘सुदाम्याचे पोहे अर्थात् साहित्यबत्तिशी’ हा ग्रंथ सिद्ध झाला. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं तो वाचला असेल त्यांना सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही त्रयी आठवेल. कोल्हटकर स्वतः कट्टे सुधारक. रूढींवर त्यांनीं प्रहार केले यांत नवल नाहीं. नवल हें कीं गोष्ट सांगणारा सुदामा हाच पुष्कळदां फजीत होतो. उपदेश करणाऱ्याला उंच आसन मिळूं नये अशी ही योजना आहे.

कोल्हटकरांनीं राज्यक्रांतीवर लिहिलें नाहीं, आणि त्यांना ऑर्वेलच्या पंक्तीला ओढून बसविणें बरें नव्हे. त्यांची नजर कचेऱ्या, सण आणि सभासंमेलनें यांवर होती. परंतु ‘चोरांचे संमेलन’ या लेखांतली युक्ति पाहावी. चोरी आणि संमेलन या दोन गोष्टी नुसत्या शेजारीं ठेवल्या कीं सभ्य व्यासपीठाची सारी भाषा संशयास्पद वाटूं लागते. दुधाचें समर्थन करणारें तें डुकर या संमेलनांत अगदीं शोभून दिसलें असतें.

स्वराज्य आल्यावर मराठी लेखकाला आडपडद्याची गरज कमी भासली. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ (१९७७) कादंबरींत मुख्यमंत्री मुख्यमंत्रीच आहे आणि त्याला खालीं खेचूं पाहणारा अर्थमंत्री अर्थमंत्रीच. कीचक नाहीं, डुकरें नाहींत. परका तर कोणीच नाहीं. हा सारा खेळ जवळून पाहणारा पत्रकार दिगू, जब्बार पटेलांनीं काढलेल्या चित्रपटाच्या शेवटीं, भ्रमिष्ट होतो.