विष उंदराला, बळी मांजराचा

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. माती परीक्षणाच्या पिशव्या घेऊन आमच्या मंडळातल्या एका गावी गेलो होतो. सोलापूर जिल्ह्यातले गाव. काळे रान, रब्बीची मालदांडी ज्वारी आणि अजून टिकून असलेली माळवदाची घरे. तिथल्या एका तात्यांच्या घरी माझा चहा ठरलेला. त्या दिवशी मात्र चुलीवर आधणच नव्हते. ओट्यावर जुन्या लुगड्याच्या फडक्यात काहीतरी गुंडाळून ठेवलेले आणि शेजारी सहा-सात वर्षांचा नातू हुंदके देत बसलेला. फडक्यात घरचे मांजर होते. पहाटे तोंडाला फेस येऊन मेले.

आजींनी मला पाहिले आणि म्हणाल्या, "या सायेब. तुमच्या अवषदानं उंदीर किती मेलं ठावं न्हाई, पर आमची मनी गेली बगा."

मी गप्प झालो. कारण आजींचे म्हणणे निम्मे खरे होते. महिन्यापूर्वी याच गावात शेतीशाळेत मी शेतातल्या उंदरांच्या बंदोबस्ताची माहिती दिली होती. झिंक फॉस्फाईडचे विषारी आमिष कसे करायचे, आधी दोन-तीन दिवस साधे आमिष ठेवून उंदरांना चटक का लावायची, मग विषारी आमिष वाहत्या बिळात टाकून बीळ कसे बुजवायचे, हे सगळे सांगितले. पण हे औषध घरात वापरायचे नाही, हे ठासून सांगायचे राहून गेले. तात्यांच्या थोरल्या मुलाने शेतातून उरलेली काळी पूड घरी आणली, तेलात भिजवलेल्या भरडीत कालवली आणि कणगीमागे ठेवली. अर्धमेला उंदीर मांजराने धरला. उंदराच्या पोटातले विष मांजराच्या पोटात गेले. या विषावर उतारा नाही. जनावराला नाही आणि माणसालाही नाही.

तीच भरड त्या नातवाच्या हाती लागली असती तर? हा विचार मनात आला आणि अंगावर काटा आला. आधी घरातली सगळी भरड गोळा करून खोल खड्ड्यात पुरली. मग चहा झाला आणि घराचे रडगाणे सुरू झाले.

एका घराची पाच दुखणी

तात्यांच्या घरात माणसे आठ आणि जनावरांचा हिशेब न लागणारा. गोठ्यातली दोन बैल, एक म्हैस ही कामाची. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार होती ती न बोलावता आलेल्यांची.

माळवदाच्या किलचनात उंदीर, गोठ्याच्या भिंतीत घुशी, न्हाणीच्या मोरीत चिचुंद्र्या. दारात एक कुत्री. कुणी आणली नाही, कुणी हाकलली नाही. दरवर्षी वितायची, पिले गल्लीभर. खुराड्यातल्या कोंबड्यांची अंडी अधूनमधून नाहीशी व्हायची. वहिनींचा राग कुत्रीवर, आजींचा उंदरांवर, तात्यांचा कोंबड्यांवर, कारण त्या कडब्याच्या गंजीवर चढून घाण करतात. घरात रोज कुणाचे ना कुणाचे भांडण, आणि कारण एखादे जनावर.

"एकएकाचा बंदोबस्त सांगा सायेब," तात्या म्हणाले.

पण एकेकट्याचा बंदोबस्त होत नाही, हेच त्या घराने पुढच्या तीन महिन्यांत दाखवून दिले. विषाने सुरुवातीला काही उंदीर मेले. उरलेले शहाणे झाले. थोडेसे विष खाऊन जो उंदीर वाचतो, तो ते आमिष पुन्हा तोंडात घेत नाही. मांजर तर आता नव्हते. पावसाळा लागेपर्यंत उंदीर पहिल्यापेक्षा जास्त झाले. उंदरांच्या वासावर एक लांबलचक धामण सरपणाच्या ढिगात आली. शेजाऱ्यांनी आरडाओरडा करून तिला काठ्यांनी मारली. धामण बिनविषारी, आणि उंदीर खाणारी. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार तिला मारता येत नाही. म्हणजे उंदरांचा एक वैरी विषाने गेला, दुसरा काठीने गेला आणि उंदीर तेवढे राहिले.

उंदीर किती खातो?

मोठा उंदीर दिवसाला साधारण २५ ग्रॅम धान्य खातो. वर्षाचे नऊ किलो झाले. घरात वीस उंदीर धरले तर १८० किलो, म्हणजे पावणेदोन क्विंटल ज्वारी. हे झाले नुसते खाल्लेले. लेंड्या, मूत आणि केसांनी नासवलेले धान्य वेगळे, कुरतडलेली पोती वेगळी. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. म्हणून भूक नसली तरी तो कुरतडतच असतो. पोते, लाकूड, विजेची वायर, काही सोडत नाही.

मादीचा गाभणकाळ अवघा तीन आठवड्यांचा. एका वेताला सहा ते आठ पिले आणि ती पिले अडीच-तीन महिन्यांत पुन्हा विण्यायोग्य. म्हणून निम्मे उंदीर मारले म्हणजे निम्मे काम झाले असे होत नाही. अन्न आणि आसरा तसाच राहिला, तर रिकामी जागा पुन्हा भरते.

उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. पावसाळ्यात गोठ्यातल्या चिखलात अनवाणी वावरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पायाला जखम असेल तर विशेष.

चिचुंद्रीचे मात्र वेगळे आहे. ती उंदराच्या जातीची नव्हे. तिचे खाणे मुख्यतः झुरळे आणि किडे. वास सोडला तर तिचा त्रास थोडा. भिंतीवरच्या पालीचेही तसेच. दिसले की ठेचायचे, ही सवय सोडायला हवी.

मग त्या घराने काय केले?

श्रावणात मी पुन्हा गेलो तेव्हा सगळ्यांना ओट्यावर बसवले आणि एकच प्रश्न विचारला, "रात्री या घरात उघडे अन्न कुठे कुठे असते?" मोजायला बसलो. कणगीचे फुटलेले बूड. जमिनीवर भिंतीला टेकून ठेवलेली पोती. कुत्रीपुढे टाकलेले भाकरीचे तुकडे. खुराड्यातले सांडलेले दाणे. गव्हाणीतली उरलेली पेंड. न्हाणीशेजारचे खरकटे. सहा जागा निघाल्या. आजी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "म्हंजे रोज पंगत आपुनच वाढतोय की!"

मुद्दा तोच. नको असलेले जनावर घरात येते ते आपण वाढतो म्हणून. त्या घराने केले ते असे :

ज्वारी कडक उन्हात वाळवून पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या कोठ्यांत भरली. कोठ्या भिंतीपासून हातभर दूर, दीड फूट उंच कट्ट्यावर. पोत्यात ठेवावीच लागली ती लाकडी फळ्यांवर, चारी बाजूंनी झाडता येईल अशी.

माळवदाची भोके, मोरीचे तोंड आणि दाराखालची फट बंद केली. मोरीला बारीक जाळी बसवली. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून लहान उंदीर आत येतो, हे विसरू नये. घुशींची बिळे काच आणि खडी घालून सिमेंटने बुजवली.

सरपण आणि गोवऱ्यांचा ढीग घराच्या भिंतीपासून लांब नेला. सापाला आसरा मिळतो तो इथेच.

कुत्रीला सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी खायला आणि खाऊन झाले की ताटली उचलायची. कोंबड्यांचे दाणे दिवेलागणीपूर्वी झाडून घ्यायचे. खुराड्याच्या फळ्या ठोकून घेतल्या तशी अंडी जाणेही थांबले.

विष अजिबात नाही. पिंजरे आणि चाप, तेही भिंतीकडेने, कारण उंदीर भिंतीला धरूनच पळतो. मेलेला उंदीर उघड्या हाताने न उचलता लगेच पुरायचा. उकिरड्यावर फेकायचा नाही.

दिवाळीपर्यंत घरातले उंदीर संपले नाहीत, खोटे कशाला सांगू. पण रात्रीची खुडबुड बरीच कमी झाली आणि चाप आठवड्यातून एखाद्या वेळी वाजू लागला.

कुत्रे पाळायचे तर पूर्ण पाळा

राहिली कुत्री. वहिनींचे म्हणणे, पोत्यात घालून लांब सोडून यावी. पण इथून सोडलेले कुत्रे दुसऱ्याच्या गावाला त्रास, आणि रिकाम्या दारात चार दिवसांत दुसरे येणारच. त्याच सुमारास तिच्या एका पिलाने नातवाच्या पोटरीला दात लावले. आजींनी जुन्या रीतीने जखमेत तिखट भरले. सुदैवाने मी तालुक्याला निघालो होतो, पोराला मोटारसायकलवर घेतले.

वाचकहो, हे एकदा पाठ करून ठेवा. कुत्रे चावले, मांजर चावले किंवा नुसते ओरखडले, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद काही लावू नये. लगेच सरकारी दवाखाना गाठावा आणि डॉक्टर सांगतील तेवढी सगळी इंजेक्शने पूर्ण करावीत. दोन घेऊन सोडू नयेत. जखम खोल असेल तर लसीशिवाय जखमेतच इम्युनोग्लोब्युलिनचे वेगळे इंजेक्शन द्यावे लागते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचत नाही असेच समजावे. वेळेवर लस घेतली तर रोग टळतो.

नातवाने सगळे डोस घेतले, बरा आहे. पिलू पुढे धडधाकट राहिले, पण त्याची वाट पाहत बसायचे नसते. तात्यांनी कुत्रीला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचली आणि तालुक्याला शस्त्रक्रियाही करून आणली. आता ती विणार नाही, आणि रानात राखणीला जाते. आपले म्हटले की दरवर्षीची लसही आपलीच. निम्मे पाळलेले कुत्रे न पाळलेल्यापेक्षा धोक्याचे, कारण त्याच्याजवळ पोरे बिनधास्त जातात.

आता मी शेतीशाळेत उंदरांचा विषय निघाला की पहिले वाक्य हेच सांगतो : शेतातले विष शेतातच. डबा कुलपात, कालवलेले भांडे वेगळे, उरलेले आमिष त्याच दिवशी पुरायचे आणि मेलेले उंदीर शोधून पुरायचे. हे वाक्य मला एका मांजराने शिकवले.

परवा त्या घरी गेलो तर चुलीजवळ करड्या रंगाचे पिलू गोळा होऊन झोपलेले. नातवाने शेजारच्या वस्तीवरून आणले होते. मी चहाचा कप उचलला तशा आजी हसून म्हणाल्या, "सायेब, हिला वाटीभर दूध देतो. पर घरात काय नवीन अवषद सांगायचं असंल तर आदी मला सांगा. पोरास्नी नगं."