काळ्या रेघेची नदी

पावसाळ्यात दुथडी वाहणारी विंचरणा नदी पाहिलेला माणूस स्थलनिर्देशक नकाशावर निळी रेघ शोधतो आणि फसतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटवर निळा रंग असतो पाण्याला. पाऊस सरला की कोरडी पडणारी पात्रं काळ्या रेघांनी काढतात. बालाघाटावरून जामखेडकडे उतरणारे ओढे म्हणूनच बहुतांश काळे. दुष्काळी मुलखाचं इतकं नेमकं वर्णन शब्दांतही क्वचितच सापडतं.

या नकाशांचा पाया १८०२ मध्ये मद्रासला घातला गेला. विल्यम लॅम्बटन यांनी तिथून त्रिकोणांची साखळी मोजत आणली आणि १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला, मोहिमेवर असतानाच ते वारले. त्या त्रिकोणांच्या आधारावर पुढे डोंगर, ओढे, विहिरी, देवळं कागदावर आली. आधी मैलाला एक इंच, नंतर अर्ध्या किलोमीटरला एक सेंटिमीटर या प्रमाणात.

खरी गोष्ट सांगतात त्या तपकिरी समोच्च रेषा. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या या रेषा पठारावर ऐसपैस पसरतात, कड्याशी एकमेकींना चिकटतात. त्यांच्यावरून बोट फिरवलं की जामखेडशेजारच्या पाटोदा तालुक्याचं मोठेपण कळतं. तिथल्या माथ्यावर पडलेल्या पावसाची वाटणी होते: मांजरा आणि सिंदफणा आपलं पाणी गोदावरीला देतात, तर विंचरणा सीनेला मिळून भीमेमार्गे कृष्णेकडे जाते. काही मैलांच्या अंतरानं पाण्याची वाट बदलते. पाणलोटाची कामं आखताना, सलग समतल चर खोदताना याच रेषा कामी येतात.

माणसांनी आखलेल्या रेषा मात्र इथे फार गुंतागुंतीच्या होत्या. १७९५ मध्ये मराठे आणि निजाम ज्या खर्ड्याला भिडले, ते खर्डा जामखेड तालुक्यातलं. इंग्रजी अमलात हा तालुका अक्षरशः ठिगळांचा होता. त्यातल्या गावांचे काही पुंजके चहूबाजूंनी निजामाच्या गावांनी वेढलेले. हैदराबाद संस्थान गेलं, तशी ही ठिगळंही गेली.

हद्द मात्र उरलीच. विंचरणा सौताड्याच्या कड्यावरून रामेश्वराच्या दरीत झेपावते ती बीड जिल्ह्यात, आणि जामखेडला पोचते ती अहिल्यानगर जिल्ह्यात. जामखेडच्या पाण्याचा विचार करणाऱ्याला म्हणून तालुक्याचा नकाशा अपुरा पडतो. त्याला शेजारच्या जिल्ह्याचा कागदही जोडून, टेबलावर दोन्ही एकत्र पसरावे लागतात.