पोटरीचे मांस नडगीवर

तीन वर्षांपूर्वी आषाढात, रोवणीआधी बांधीत चिखल चालू असताना माझ्या पुतण्याचा पाय ट्रॅक्टरच्या लोखंडी चाकात सापडला. हाड मोडले नाही, पण गुडघ्याखाली चार बोटांवर नडगी उघडी पडली. गोंदिया जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात अठरा दिवस नुसत्या पट्ट्या बदलल्या गेल्या. हाड पिवळट दिसू लागल्यावर आम्ही नागपूर गाठले. तिथले डॉक्टर म्हणाले, पोटरीचा स्नायू फिरवून नडगीवर घालू. वहिनीने मला विचारले, "भाऊजी, पोटरीच काढली तर पोरगा चालेल कसा?"

मी वैद्यकाचा माणूस नव्हे, जुन्या कागदांत रमणारा. तेव्हापासून वाचत गेलो.

पहिली शंका माझीही होती: मांडीची कातडी काढून का लावत नाहीत? अशा कातडीला स्वतःचे रक्त नसते. खालच्या जिवंत पृष्ठभागातून ते मिळाले तरच ती धरते. हाडावरचा पातळ पापुद्रा गेला की उघड्या हाडावर ती वाळून जाते. फ्लॅपचे तसे नाही. तो आपली रक्तवाहिनी सोबत घेऊन येतो.

हे तत्त्व आपल्या मुलखाला नवे नाही. टिपूच्या कैदेत नाक आणि एक हात गमावलेल्या कावसजी या मराठा गाडीवानाचे नाक पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीतून घडवले. क्रूसो आणि फिंडले हे दोन इंग्रज वैद्य ते पाहत होते. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकीकत छापली गेली. भुवयांमधली कातडीची चिंचोळी पट्टी त्याने तोडली नाही, तिच्यातून नाकाला रक्त मिळत राहिले. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती कापायची. रुग्णाचे नाव छापले गेले, कारागिराचे नाही. याची मला अजून रुखरुख वाटते.

पोटरीचेही असेच. तिचा वरचा स्नायू दोन भागांचा असतो आणि प्रत्येक भागाची मुख्य रक्तवाहिनी वरून, गुडघ्यामागून येते. म्हणून एक भाग खालून सोडवून, वरचे टोक तसेच ठेवून पुढे वळवता येतो. त्यावर मग मांडीची पातळ कातडी धरते. पण त्याची पोच गुडघा आणि नडगीच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच. मधल्या हिश्श्याला त्याखालचा सोलियस स्नायू लागतो. घोट्याजवळ बहुधा दोन्ही अपुरे पडतात. तिथे शरीराच्या दुसऱ्या भागातला तुकडा पूर्ण सोडवून त्याच्या रक्तवाहिन्या पायाच्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. पोटावरचा असा तुकडा वाहिन्या जोडून दुसरीकडे बसवल्याचा निबंध मुंबईच्या डॉ. नोशिर अंटिया आणि बुच यांनी 1971 मध्येच प्रसिद्ध केला होता. पुण्याच्या कारागिराने जपलेला पूल इथे तोडून पुन्हा बांधला जातो.

वेळेचा प्रश्न मात्र मला झोपू देत नाही. युगोस्लाव्हियातल्या मार्को गोदिना यांनी 1986 मध्ये 532 रुग्णांचा अनुभव मांडला. पहिल्या 72 तासांत जखम झाकली गेली तेव्हा फ्लॅप फसण्याचे आणि हाडात पू होण्याचे प्रमाण फार कमी होते. आमचे अठरा दिवस गेले होते. आधी मेलेले हाड खरवडावे लागले, मगच स्नायू वळवता आला.

वहिनीला उत्तर मी नंतर दिले: पोटरीचा दुसरा भाग आणि सोलियस जागेवरच राहतात, तेवढ्यावर माणूस चालतो. धावताना, उडी मारताना जोर कमी पडतो.

यंदा तो धुऱ्यावरून पऱ्ह्यांच्या पेंढ्या वाहत होता. ती पोटरी बारीक दिसते. बसल्या बसल्या पाऊल खाली दाबले की नडगीवरचा उंचवटा किंचित हलतो. लहान मुले ते पाहायला त्याच्याभोवती जमतात.