द्राक्षबागेतील ग्रीसगन

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी, निफाड आणि चांदवड या तालुक्यांतील द्राक्षबागाइतदाराचे वर्ष दोन छाटण्यांनी विभागलेले असते. एप्रिलातील खरड छाटणी वेलीला काडी देते आणि पावसाळा ओसरताना येणारी गोडी छाटणी त्या काडीला घड देते. या दुसऱ्या छाटणीनंतरचा महिना-दीड महिना हा खरा कसोटीचा, कारण परतीचा पाऊस कोवळ्या फुटीवर पडला की डावणी या बुरशीजन्य रोगाचा अंमल बसण्यास फारसा अवधी लागत नाही आणि रात्री पाऊस होऊन गेला तर उजाडण्यापूर्वी फवारणीचा ब्लोअर बागेत उतरावाच लागतो. अशा पहाटे तो ब्लोअर ओळीच्या मध्यावर कर्कश आवाज करून थांबला, तर त्याच्या मुळाशी पुष्कळदा कोणताही गहन यांत्रिक दोष नसतो. एखाद्या बेअरिंगपर्यंत न पोचलेले चमचाभर ग्रीस एवढेच त्याचे कारण असते. लाखो रुपयांच्या या यंत्राचे आयुष्य ज्या काहीशे रुपयांच्या हत्यारावर अवलंबून असते, त्या ग्रीसगनीची निवड आणि तिचा वापर यांची तपशिलात शिरून चौकशी करावी, या हेतूने गेल्या हंगामापूर्वी मी दिंडोरीच्या बागांतून आणि पिंपळगाव बसवंतच्या दुकानांतून हिंडलो.

बैलगाडीच्या काळी आख उघडा असे, वंगण हाताने लावता येई, आणि कमी पडले तर चाकच कुरकुरून आपली तक्रार रुजू करी. ट्रॅक्टरचे सांधे मात्र बंदिस्त. आत काय चालले आहे ते बाहेर कळत नाही. या बंद सांध्यात दाबाने वंगण घालण्याची युक्ती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास शिकागोच्या आर्थर गुलबोर्ग याने काढली, आणि आज प्रत्येक ट्रॅक्टरवर दिसणाऱ्या गोल डोक्याच्या निप्पलचे पेटंट ऑस्कर झर्क याला १९२९ साली मिळाले. हरभऱ्याच्या दाण्याहून थोड्याच मोठ्या या निप्पलच्या तोंडाशी एक बारीक छर्रा असतो आणि त्यामागे स्प्रिंग. बाहेरून दाब आला की छर्रा आत सरकून वाट देतो, दाब सुटला की वाट बंद करतो. ज्या जिल्ह्यात १९६४ पासून ओझरला लढाऊ विमानांचा कारखाना उभा आहे, तेथील माणसाला यंत्राची सूक्ष्मता नवी नाही. पण शेडमध्ये उभ्या असलेल्या आपल्या ट्रॅक्टरवर असे छर्रे किती आणि कोठे आहेत, याची खातरजमा मात्र फार थोड्यांनी केलेली आढळते.

ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळ्यात धरून ठेवलेले तेल. झिजेपासून बचाव तेल करते. ते सांध्यातून वाहून जाऊ नये याची तजवीज तो साबण करतो. ग्रीसच्या घट्टपणाचे क्रमांक ठरलेले आहेत: ००० हे जवळजवळ वाहते, ६ हे दगडी, आणि शेतीच्या यंत्रांना बहुधा २ किंवा ३ लागते. २ क्रमांकाचे लिथियम ग्रीस घट्ट बसलेल्या लोण्यासारखे असते. आपल्या बाजारात ‘एपी थ्री’ या नावाने मिळणारे ३ क्रमांकाचे ग्रीस उन्हाळ्यात सांध्यात चांगले टिकते, परंतु निफाडची थंडी त्याला मानवत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पाच-सहा अंशांची नोंद होते त्या पहाटे हे ग्रीस गनीच्या तोंडाशी सरकत नाही, मागे पोकळी पडते आणि दांडा हलवणाऱ्याला वाटते की गन बिघडली. रंगावरून मात्र काहीही ठरवू नये. तांबडे, निळे, पिवळे हे केवळ उत्पादकाने घातलेले रंग आहेत, आणि दोन भिन्न साबणांची ग्रीसे एकत्र आली तर पुष्कळदा जाळे मोडून तेल पाझरून जाते. एकदा जो जिन्नस धरला तो पुस्तिकेशी ताडून कायम ठेवावा.

पिंपळगावच्या दुकानात गनी तारेला टांगलेल्या असतात आणि गिऱ्हाईक बहुधा त्यांचा चकाकता रंग पाहतो. जाणता मिस्त्री प्रथम तोंड पाहतो, म्हणजे निप्पलला धरणारे कपलर. त्याच्या आत चार जबडे असतात. ते निप्पलच्या मानेला घट्ट कवटाळत नसतील, तर अर्धे ग्रीस बाहेरच ओघळते आणि काम झाले असा भास मात्र पूर्ण होतो. म्हणून दुकानातच एखादे सुटे निप्पल मागून त्यावर तोंड बसवून पाहावे; ते टक्कन बसले पाहिजे आणि सरळ ओढल्यास सहज सुटता कामा नये. दोन हातांनी चालवायची दांड्याची गन दाब अधिक देते; एका हाताची पिस्तुलासारखी गन दाबास थोडी कमी, पण अडचणीच्या जागी दुसरा हात कपलर सांभाळण्यास मोकळा ठेवते. निप्पलवर ढकलून चालवायची छोटी गन गवत कापण्याच्या यंत्रापुरती ठीक. रोटाव्हेटरच्या चिखलाने आवळलेल्या सांध्यापुढे तिचे काही चालत नाही. द्राक्षाच्या छोट्या ट्रॅक्टरखाली जागा इतकी अपुरी की लोखंडी नळीऐवजी रबरी नळी लागतेच. ती मात्र आत तारेची जाळी असलेली, दाबाचा आकडा छापलेली घ्यावी. माझ्या मते सर्वसाधारण बागाइतदाराने रबरी नळीची एकच दांड्याची गन घ्यावी आणि वाचलेले पैसे उत्तम कपलरवर खर्च करावेत. ज्याच्याकडे ट्रॉल्या, रोटाव्हेटर आणि दोन ट्रॅक्टर आहेत, त्याला बादलीचा पंप परवडेल.

गन भरण्यातच निम्मे लोक फसतात. डोके काढून नळकांडे ग्रीसच्या डब्यात बुडवायचे आणि मागची दांडी सावकाश ओढायची. घाईने ओढली की रबरी वायसरच्या कडेने हवा शिरते. डोके बसवल्यावर ती दांडी खाचेतून सोडवून आत ढकलावी लागते, नाहीतर स्प्रिंग ग्रीसला पुढे रेटतच नाही. यानंतर डोके अर्धा आटा सैल ठेवून, हवेचे बुडबुडे जाऊन ग्रीसची अखंड दोरी येईपर्यंत दांडा मारायचा आणि मग आवळायचे. डब्याला झाकण नसेल तर हा सर्व खटाटोप व्यर्थ, कारण शेडमधील धूळ ग्रीसवर बसते आणि तीच पुढे बेअरिंगमध्ये पाठवली जाते.

दिंडोरीजवळच्या एका बागेत छाटणीच्या आधी चालू असलेले हे काम मी जवळून पाहिले. पुतण्या गन घेऊन ट्रॅक्टरची शक्ती ब्लोअरला देणाऱ्या पीटीओ शाफ्टपाशी बसला होता, शेजारी काका उभे होते. निप्पलवर वाळलेल्या बोर्डोचा निळसर थर होता, मुलाने तोंड त्यावर टेकवताच काका म्हणाले, “आधी पूस रे बाबा, ती घाण आत घालतो का?” मुलगा म्हणाला, “आप्पा, ग्रीसबरोबर बाहेरच येती ना ती.” “आत गेलेली परत येत नसती,” एवढेच बोलून त्यांनी चिंधी पुढे केली. मोरचूद आणि चुना यांचे ते मिश्रण पिकाचे रक्षण करते, पण मोरचुदाचे पाणी लोखंड खाते. त्यामुळे ब्लोअर धुतल्यानंतर ग्रीस मारायचे, धुण्यापूर्वी नव्हे, हा त्या घरचा शिरस्ता आहे. ताजे ग्रीस सांध्यात शिरलेले पाणी बाहेर लोटते. इंजिन बंद करून चावी खिशात टाकल्याखेरीज काकांनी मुलाला शाफ्टला हात लावू दिला नाही. मिनिटाला ५४० फेरे घेणारा तो शाफ्ट कपड्याचे टोक पकडील तर माणूस सोडवायला वेळच मिळत नाही.

शाफ्टच्या क्रॉसला चार टोके असतात आणि ग्रीस चारही टोकांशी डोकावले पाहिजे. तीनच ओली झाली तर चौथ्याची वाट बुजली आहे असे समजावे आणि शाफ्ट थोडा वळवून, वाकवून पुन्हा मारावे. उघड्या बुशाच्या सांध्यात जुने काळे ग्रीस निघून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत मारणे योग्य. सीलबंद बेअरिंगला मात्र दोन-तीन दाबांत थांबावे. हातगनही शेकडो किलोचा दाब निर्माण करते, सील फाटते आणि मग धुळीला रान मोकळे मिळते. पुढच्या आखाच्या मधल्या पिनेला ग्रीस द्यायचे तर आख जॅकवर उचलून, खाली आधार देऊन द्यावे, कारण भार असताना ज्या बाजूला घर्षण आहे नेमकी तीच बाजू चिकटून असते. कपलर काढताना सरळ ओढू नये, किंचित तिरके करावे; ते लगेच सुटते.

दांड्याच्या एका दाबाला साधारण एक ग्रॅम ग्रीस येते, पण प्रत्येक गनीचे माप निराळे. हे माप काढणे बागाइतदाराला अवघड नाही, कारण १०० लिटर पाण्यात एक ग्रॅम जीए संजीवक म्हणजे दहा पीपीएम हा हिशेब त्याला तोंडपाठ आहे आणि ते तोलणारा काटाही त्याच्या घरी आहे. त्याच काट्यावर कागद ठेवून दहा दाबांचे वजन एकदा करावे. मण्याच्या लांबीसाठी जो माणूस ग्रॅमाचा दशांश सांभाळतो, त्याने बेअरिंगच्या बाबतीत अंदाजावर विसंबावे याचे मला मनापासून वाईट वाटते.

एक धोका फार कमी जणांना ठाऊक असतो. जीर्ण नळीला बारीक छिद्र पडले आणि तेथे उघडा हात असला, तर ग्रीस कातडी भेदून आत शिरते. जखम सुई टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, आणि म्हणून माणूस ती पुसून कामाला लागतो. काही तासांत मात्र बोट गमावण्याची पाळी येऊ शकते. असे झाल्यास हळद लावीत बसू नये. तत्काळ मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी जावे आणि आत ग्रीस गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

ज्या शेडमध्ये मी गेलो तेथे ट्रॅक्टरचे एक निप्पल क्लचच्या पेडलमागे इतके आत होते की घेतल्या दिवसापासून त्याला कोणी स्पर्श केला नव्हता. पुस्तिकेत ते दाखवले होते, पण पुस्तिका कपाटात होती. तेव्हा ट्रॅक्टर आणि ब्लोअर विकणाऱ्या व्यापाऱ्यांना माझी विनंती आहे की चावी हातात देताना चालवणाऱ्याला प्रत्येक निप्पल बोट लावून दाखवावे आणि त्या जागांचा तक्ता शेडच्या भिंतीवर चिकटवण्यासाठी मराठीत छापून द्यावा. बागाइतदारांनीही तो मागून घेतल्याशिवाय पावतीवर सही करू नये.