सरस, मोसंबी आणि कोलॅजेनचा डबा

लाकूडकाम जोडण्यासाठी सुतार पूर्वी जो सरस वापरीत, तो जनावरांची कातडी आणि हाडे पाण्यात दीर्घकाळ उकळून काढलेला चिकट पदार्थ असे. आणि ‘कोलॅजेन पेप्टाइड’ या नावाने आज जी पांढरी भुकटी विकली जाते, तिचे कूळही तेच आहे. ‘कोलॅजेन’ या शब्दाच्या मुळाशी सरसासाठीचाच ग्रीक शब्द आहे. भुकटी करताना विकरांच्या, म्हणजे रासायनिक क्रियांना गती देणाऱ्या प्रथिनांच्या, साहाय्याने त्या पदार्थाचे आणखी बारीक तुकडे केले जातात, त्यामुळे ती पाण्यात विरघळते आणि चिकटत नाही.

शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे ३० टक्के वाटा कोलॅजेनचा असून त्वचा, हाडे, सांध्यांतील कूर्चा आणि स्नायू हाडाला बांधून ठेवणाऱ्या कंडरा यांचा ताण तेच पेलते. त्याची घडण तिपेडी दोरासारखी असते, हे जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ मध्ये मद्रासहून मांडले. प्रत्येक पेडात दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल (प्रथिनाची वीट) बसते, कारण तीन पेड जेथे एकमेकांना भिडतात तेथे त्याहून मोठ्या विटेला जागाच नसते. मात्र हा पीळ टिकण्यासाठी प्रोलिन या दुसऱ्या विटेवर एक रासायनिक संस्कार व्हावा लागतो आणि तो क जीवनसत्त्वाखेरीज नीट होत नाही. म्हणूनच त्या जीवनसत्त्वाचा दीर्घकाळ अभाव राहिल्यास स्कर्व्ही होऊन हिरड्यांतून रक्त येते, जखमा भरत नाहीत आणि जुने व्रणसुद्धा उकलू शकतात.

क जीवनसत्त्वाच्या निमित्ताने येथे मोसंबी पिकवणाऱ्या घनसावंगीचा संबंध येतो. गोदावरीकाठचा हा तालुका जालना जिल्ह्याच्या मोसंबी पट्ट्यात मोडतो. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातील बागा वाळून सरपणाला गेल्या, तरी शेतकऱ्यांनी पुन्हा लागवड केली आणि २०१६ मध्ये जालना मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले. शंभर ग्रॅम मोसंबीत सुमारे ५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम पुरते; म्हणजे दीड-दोन फळांत काम भागते. (पेरू आणि आवळा याबाबतीत मोसंबीच्या कितीतरी पुढे आहेत, हे बागायतदारांनाही मान्य करावे लागेल.) अर्थात गरजेपेक्षा जास्त क जीवनसत्त्व घेतले म्हणून कोलॅजेन जास्त तयार होत नाही, उरलेले बव्हंशी लघवीवाटे निघून जाते.

भुकटीचे काय होते? जठर आणि आतडे तिलाही डाळ किंवा अंड्यातील प्रथिनाप्रमाणेच तोडतात. दोन-तीन विटांचे काही तुकडे रक्तात पोहोचतात आणि ते पेशींना नवे कोलॅजेन विणण्याची चालना देत असावेत, असा उत्पादकांचा युक्तिवाद आहे. तो अगदीच निराधार नाही, कारण त्वचेचा ओलावा व लवचीकपणा किंचित वाढल्याचे आणि गुडघेदुखीत थोडा आराम पडल्याचे काही लहान चाचण्यांत दिसले आहे. परंतु त्वचेवरील २३ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्यांत लक्षणीय फायदा आढळला नाही. शिवाय ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल कोलॅजेनमध्ये नसल्यामुळे रोजच्या प्रथिनाची जागा ही भुकटी घेऊ शकत नाही. वरण, दूध, अंडी यांत काटकसर करून डबा आणणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. त्वचेतील कोलॅजेन झपाट्याने झिजवणारी दोन कारणे, कडक ऊन आणि धूम्रपान, ही तर कोणत्याच डब्याने टळत नाहीत. उन्हात डोक्यावर घेतलेला पदर किंवा रुमाल त्याहून खात्रीचा.

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब ज्या तालुक्यात आहे, तेथील माळकरी घरांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. कोलॅजेन कोणतीही वनस्पती तयार करीत नाही. बाजारातले कोलॅजेन मुख्यतः गाय, म्हैस, डुक्कर, कोंबडी किंवा मासळी यांच्या कातडी, हाडे व खवल्यांपासून येते, आणि ‘शाकाहारी कोलॅजेन’ म्हणून जे विकले जाते त्यात बहुधा क जीवनसत्त्व व सुटी अमिनो आम्ले असतात. त्यामुळे विकत घेण्यापूर्वी डब्यावरील घटकांची यादी वाचावी, मांसाहारी पदार्थाची खूण असलेला तपकिरी त्रिकोण आहे का ते पाहावे, आणि मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.